हिराई

पत्र्याचा एक तुकडा आहे आमच्या घरी,
आरपार अक्षरं कापलेला.
गाठीवर ठेवायचा, वरून काजळीचं फडकं फिरवायचं,
की गोणपाटावर जहाजाचं नाव उमटायचं.
हल्ली तो कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून आहे.
आत बल्ब लावला की अंगणात उजेडाची अक्षरं पडतात,
पहिलं शिडीसारखं,
शेवटचं आडं टाकलेल्या खांबासारखं.

हॅरिएट.
वणेच्या काठी कुणाला जमणार ते?
काट्यावरचा गोमाजी आतकरी हरियेट म्हणायचा,
आणि रेच्यावर सरकी काढणाऱ्या बायांनी
आठ दिवसांत तिची हिराई केली.

हिराईले एवढा कापूस कायले लागते व?
लेकरं लय असतीन.
थंडी असन तिकडं.

मुंबईच्या पेढीचं पत्र आलं की गोमाजी वाचून दाखवायचा:
हॅरिएट चीनला गेली, चहा भरायला.
हॅरिएट जाव्याहून निघाली, साखर घेऊन.
हॅरिएट कोलंबोत तीन महिने पडून, बूड दुरुस्तीला.
बाया एकमेकींकडे बघायच्या.
तीन महिने म्हणजे बाळंतपणच.
पुढच्या खेपेला पुनाबाई झाडेनं
दोनशे चौदाव्या गाठीत, तुडवणाऱ्यांची नजर चुकवून,
खणाचा तुकडा, हळकुंड, पाच सुपाऱ्या सारल्या.
माहेरचं कोणी तर पाहिजे तिला.

गाठ बैलगाडीनं गेली, मग आगगाडीनं, मग पाण्यानं.
आमचं पाणी म्हणजे वणा,
पुरात म्हैस पोहून येते ती.
जिला पलीकडचा काठच नाही अशी वणा
गोमाजीनं दोन्ही हात पसरून दाखवली.
हात संपले.

पत्र आश्विनात आलं.
आफ्रिकेच्या टोकाशी धुकं, खडक, मध्यरात्र.
कप्तान लाटेनं नेला. जहाज पहाटे गेलं.
अकरा खलाशी गाठींना धरून तरंगत राहिले,
तिसऱ्या दिवशी जिवंत सापडले.
माल बुडाला. विम्याची रक्कम पूर्ण मिळेल.

पेढीवर त्या दिवशी कुणाचं जेवण चुकलं नसणार.
इकडे रेचे थांबले.

पांढरीपांडे कारकून हसत आला:
अहो बायांनो, लाकूड होतं ते! जहाज! नाव!
पुनाबाई म्हणाली, मंग? नाव बाईच असते ना.
भरल्या पोटी गेली थे.
आणि गोमाजीला एकच विचारलं,
सवाशीन गेली का रांडमुंड?

गोमाजीनं पत्र पुन्हा वाचलं.
हिशेबाच्या पत्रात असलं काही नसतं,
पण क्रम असतो,
आणि तो त्याला दिसत होता.
घडी घातली. टोपी काढली, पुन्हा घातली.
म्हणाला, आंधी थे गेली.
मालक मंग.

तेव्हा बायांनी हिरवा चुडा आणला,
कुंकवाची पुडी, एक कोरं लुगडं,
आणि खैरीच्या घाटावर वणेत सोडलं.
वणा वर्धेला जाते, वर्धा पुढं कुठं जाते
हे त्यांना पक्कं माहीत नव्हतं,
पण पाण्याला पाणी सांगतं.
तीन दिवस सुतक धरलं.
कारकुनानं तीन दिवसांची मजुरी कापली.

त्या अकरांपैकी एखादा
दोनशे चौदावर होता का, हे कुणी विचारलं नाही.
मी विचारते, कोंबड्या कोंडताना.
अंगणात शिडी पडलेली असते,
एखादी तलंग तिच्यावरून चालत जाते.

अजून अहेव नवमीला आमच्याकडे
एक पान जास्तीचं वाढतात.
नवी सून हळूच विचारते,
ह्या कोण लागायच्या आपल्या?
सासरकडून का माहेरकडून?

रुईकडून, मी म्हणते,
आणि वरण गार होतंय, तेवढं सांगते.